पितृपक्षात गाडी घेत नाहीत

आमच्या गाडीत बसणं ही शिकायची गोष्ट होती. दार उघडायचं, गाडीकडे पाठ करायची आणि देवाचं नाव घेऊन सरळ खाली बसायचं. बूड टेकलं की मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. आधी पाय घातलात तर मेलात, गुडघा पुढे आपटणार आणि डोकं टपाला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हे आमच्या हिला फाटकात उभं राहून शिकवलं. साडीचा बोंगा सावरत ती पाचव्या खेपेला नीट बसली, तेव्हा समोरच्या घरातल्या कानडी बाईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन दारांची, दोनच माणसांची, विलायती बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. शिवाजीनगरला आमचं बटणांचं दुकान. आजोबा पलटणीच्या मागोमाग बंगलोरला आले आणि लष्करी गणवेशांची पितळी बटणं, फिती, बिल्ले विकता विकता इथलेच झाले. एक निवृत्त कर्नल बटणं न्यायला या गाडीतून यायचे. ते देश सोडून मुलाकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "तू गिऱ्हाइकापेक्षा गाडीकडेच जास्त बघतोस. घेऊन टाक." मी घेऊन टाकली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या इंदिरानगरच्या गल्लीतली पोरं तिला 'कप्पे' म्हणायची, कानडीत कप्पे म्हणजे बेडूक. मला राग यायचा, पण दिसायची ती तशीच, जमिनीला पोट लावून बसलेली.

खोटं कशाला बोलू, हिलाही ती गाडी आवडायची. आमच्या लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत देवनहळ्ळीकडचा रस्ता रिकामा असायचा. टप मागे टाकायचं, हिने डोक्याला रुमाल बांधायचा, आणि मी वेग वाढवला की ही ओरडायची, "अहो, स्वल्प हळू!" आणि लगेच हसायची. त्या हसण्याचा अर्थ 'आणखी जोरात' असा मी लावायचो, आणि तो बरोबर असायचा. हिच्या मनातलं मला न सांगता कळतं, अशी माझी जी घमेंड होती ती तिथूनच आली असावी.

हिची थोरली बहीण के. आर. पुरमला राहायची. ही तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. हिच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. बेळगावला यांची आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं अक्कांनी केलं. स्वतःचं लग्न होऊन बंगलोरला आल्या त्या पोरीला बरोबर घेऊनच आल्या. आमचं लग्न त्यांनीच जमवलं. वयाने माझ्याहून काही फार मोठ्या नव्हत्या, पण मला सासूच्या थाटात 'जावईबापू' म्हणायच्या आणि वर चेष्टा करायच्या. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर त्या मुलगा आणि सुनेबरोबर स्टेशनजवळच्या छोट्या घरात राहत होत्या. मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. खाट खिडकीजवळ लावली आणि अक्का त्या खाटेच्या झाल्या.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जायचो. ही अक्कांच्या केसांना तेल लावायची, वेणी घालायची, आठवड्याच्या सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायची. दोघी बेळगावकडचं मराठी बोलायला लागल्या की मला अर्धं कळायचं नाही. मी बाहेर गाडी पुसत बसायचो. अक्कांना आमच्या गाडीचा आवाज दुरून ओळखू यायचा. "रेल्वेच्या फाटकापाशी होतात तेव्हाच कळलं मला," त्या तोंड वाकडं झालेलं असूनही हसत म्हणायच्या, "बेडकी डरावली की." हिचा आठवडा त्या रविवारावर चालायचा, आणि अक्कांचा तर चालायचाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी भरलेली बादली उचलताना हिच्या पाठीत कळ आली आणि ही जी वाकली ती सरळ होईना. मणक्यातली चकती सरकली होती. तीन आठवडे फळीवर झोपून काढले. डॉक्टर आमच्या ओळखीचे, कानडी. त्यांनी बजावलं, बसायचं ते उंच आणि कडक जागेवर. रिक्षा बंद, बस बंद. मग खिडकीतून खाली उभी असलेली आमची गाडी बघून हसले. "आ कारु बेडा," म्हणाले. ती गाडी नकोच.

तरी पहिल्या रविवारी हिने प्रयत्न केला. नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली, अर्धी खाली गेली आणि अशी किंचाळली की मी तिला काखेत धरून वर ओढली. डोळ्यांत पाणी होतं आणि ही हसत होती. "बाई गं," म्हणाली, "या रविवारी राहू दे." मग पुढच्या रविवारीही राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलंच नाही, आणि तिनेही विषय काढला नाही.

टॅक्सी नव्हती का, असं कोणी विचारील. होती. मी म्हणूनही बघितलं. "आपली गाडी दारात असताना भाड्याची गाडी? अय्यो, लोक काय म्हणतील!" ही म्हणाली. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, बरं वाटलं. माझ्या गाडीचा मान राहिला ना.

आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एका उस्तादचं गॅरेज होतं. बेडकीचं इंजिन त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला दाद द्यायचं नाही. सुटे भाग मिळत नव्हते. उस्ताद जुन्या बाजारातून कुठल्या कुठल्या गाड्यांचे तुकडे आणून घासून बसवायचा. पाठीचं कळल्यावर त्याने मला कोपऱ्यातली एक गाडी दाखवली. पांढरी, उंच, गोल टपाची, सरकारी साहेबांच्या असायच्या तसली. तिला त्याने गॅसची टाकी बसवली होती. पेट्रोलवरही चालायची आणि गॅसवरही, स्टिअरिंगखालचं एक बटण दाबलं की झालं. तेव्हा अशा गाड्या खूप निघाल्या होत्या. उस्तादने दार उघडून आपल्या हाताने सीट थोपटली. "भाभी आराम से बैठेगी, सेठ. कुर्सी के माफिक है." मुंबईचा एक शौकीन बेडकीसाठी कधीपासून त्याच्या मागे लागला होता. ही द्या, ती न्या, इतकं सरळ होतं. दोन्ही गाड्या ठेवायची आमची ऐपतही नव्हती आणि जागाही.

मी ती पांढरी गाडी चालवून बघितली. हलवायला जड. वळताना बोटीसारखी झुलायची. गॅसवर टाकली की एक क्षण उसासा टाकायची आणि मग निघायची. मागच्या डिकीत ती लाल टाकी. स्वयंपाकघर पाठीला बांधून हिंडायचं की काय, असं मी उस्तादला म्हटलं. तो हसला. मी आणखी सतरा कारणं काढली. स्फोट झाला तर? गॅसचा वास आला तर? पोलिसाने अडवलं तर? एकेक कारण घेऊन मी त्याच्याकडे जायचो आणि तो शांतपणे उत्तर द्यायचा. खरं कारण त्याला ठाऊक होतं. शिवाजीनगरच्या चौकात बेडकी थांबली की बसमधली माणसं माना बाहेर काढून बघायची. मी पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला बटणवाला, पण त्या गाडीत बसलो की कोणीतरी असायचो. हे असलं कुणाला सांगता येत नाही. लाज वाटते. अजूनही वाटते.

पावसाळाभर असं चाललं. उस्ताद ती गाडी मला राखून बसला होता. "बोलो तो सही, सेठ," एवढंच म्हणायचा.

मग गणपती आले. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. शेवटच्या दिवशी त्यांना मोदकांना बोलावलं. पाठीला पट्टा बांधून, स्टुलावर बसून हिने एकवीस मोदक वळले. वाढायला मी होतो. आता आमच्याकडे आग्रह म्हणजे काय हे सांगायला नको. पहिलं 'नको' हे म्हणायचं म्हणून म्हणतात, ते ऐकायचंच नसतं. दुसरं भिडेचं. तिसऱ्या वेळी माणूस पानावर आडवा झाला तर कुठे ते खरं धरायचं, आणि तरीही अर्धा मोदक वाढायचाच. तो पुण्याचा मुलगा बिचारा म्हणत होता, "काका, seriously नको, मी full आहे." मी त्याला तीन मोदक जास्तीचे वाढले.

तो गाड्यांचा वेडा होता. कुठल्याशा मासिकात वाचून आला होता की जपानमध्ये आता बॅटरीवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हींवर चालणारी गाडी निघाली आहे. "काका, future तेच आहे. तुमची स्पोर्ट्स कार म्हणजे एकदम museum piece!" मी म्हटलं, "अरे, आमच्या शिवाजीनगरलासुद्धा आहे एक दोन्हींवर चालणारी. त्या जपानीणीची गरीब आतेबहीण." सगळे हसले. त्या हसण्याच्या भरात मी हिच्याकडे वळलो. "काय गं, उस्ताद ती गॅसची गाडी घ्या म्हणून मागे लागलाय. टाकू का बदलून?"

ही तुपाची वाटी घेऊन उभी होती. "नको हो," म्हणाली. "तुमची एवढी हौस. पाठ काय, होईल बरी."

"बघ!" मी त्या मुलाला म्हटलं. "बायको असावी तर अशी." आणि त्याच्या पानात तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी हिने अक्कांसाठी मोदकांचा डबा भरला आणि मला पाठवलं. ओल्ड मद्रास रोडवर सकाळची गर्दी कमी होती, गाडी सुंदर पळत होती. मी खुशीत होतो. अक्कांच्या दारात गाडी थांबवली, डबा घेतला आणि आत गेलो.

अक्का खाटेवर उशांना टेकून बसलेल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, केस नुकतेच विंचरलेले, चांगल्या हाताने पदर सारखा करत होत्या. फाटकापाशी गाडीचा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी सुनेची धावपळ उडवली होती. ती आली, मला बसवा, ती साडी काढा, हे असं बघून तिला वाईट वाटेल. त्या माझ्या मागे दाराकडे बघत होत्या.

"ती मागनं येतेय?"

"नाही अक्का. मी एकटाच."

त्यांचा हात पदरावरच राहिला. मग म्हणाल्या, "बरं बरं. या की, जावईबापू. बसा." सुनेने मान फिरवली आणि चहा टाकायला म्हणून आत गेली. मी डबा उघडला, मोदक पुढे केला. अक्कांनी तो घेतला नाही.

"गाडी बसायला खाली पडते तिला. होय की नाही?" त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळत होते.

"मी विचारलं होतं तिला, बदलू का म्हणून. नको म्हणाली."

"किती वेळा विचारलं?"

मी मोदक परत डब्यात ठेवला.

"लहानपणी सणाला कापड घ्यायला न्यायची मी तिला," अक्का म्हणाल्या. "दुकानात विचारलं की म्हणायची, नको, आहे की मला. आणि घरी येऊन रडायची. आई नाही, बापाला त्रास नको, असं त्या एवढ्याशा पोरीला वाटायचं. मग मी तीन-तीनदा विचारायची. चौथ्यांदा बोट दाखवायची, ते निळं, म्हणून. तिचं पहिलं नको कधी खरं मानायचं नसतं. एवढी वर्षं झाली, तुम्हाला ठाऊक नाही हे?"

मला ठाऊक नव्हतं. मोदक वाढताना ठाऊक होतं.

"माझं मागणं काही नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "एकदा येऊन बसू दे तिला माझ्यापाशी. पण लवकर हां. ती बेडकी द्या सोडून आता. डबक्यात." आणि स्वतःच हसल्या, हसताना एका बाजूने लाळ गळली ती पदराने पुसली.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाली अक्का?" मी म्हटलं, "मोदक आवडले म्हणाल्या." ठेवणीतली साडी, विंचरलेले केस, दाराकडे बघणं, यातलं मी काहीही सांगितलं नाही.

असं नाही की मला पाझर फुटला नाही. फुटला. त्याच संध्याकाळी मी उस्तादकडे गेलो आणि म्हटलं, घेतो. उस्तादला इतका आनंद झाला की त्याने चहा मागवला. गॅसची नळी बदलून, ब्रेक बघून देतो म्हणाला, आठवडा लागेल. मी बोटांवर दिवस मोजले आणि म्हटलं, "मग दसऱ्यालाच नेतो. मध्ये पितृपक्ष येतोय. पितृपक्षात गाडी घेत नाहीत आमच्यात."

"जैसी आपकी मर्जी," उस्ताद म्हणाला.

आता हे मी कोण, तर एरवी पंचांग कुठल्या खणात आहे ते ज्याला ठाऊक नाही असा माणूस. वडिलांचं श्राद्धसुद्धा हिने आठवण केली तर करणारा. त्या संध्याकाळी मला अचानक धर्म आठवला. इकडे खंडेनवमीला आयुधपूजा असते, गाड्यांना झेंडू, केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. एवढी एक पूजा बेडकीची होऊ दे, मग देतो, असं मी मनाशी धरलं. पितृपक्षाचं नाव पुढे केलं की कोणी काही बोलत नाही. आणि हिला आधी काही सांगायचं नाही, दसऱ्याला एकदम गाडी दारात आणून उभी करायची, असंही मी ठरवून टाकलं. माझ्या मोठेपणाचं मलाच कौतुक वाटत होतं. आणखी तीन-साडेतीन आठवड्यांचा तर प्रश्न, असं मी स्वतःला म्हणालो.

त्या दिवसांत मी सकाळी दुकान उघडायच्या आधी बेडकी घेऊन एकटाच फिरून यायचो. निरोपाच्या फेऱ्या. ही खिडकीशी उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "चालवून घ्या. बरं वाटतं बघायला." मला वाटलं, खरंच बरं वाटत असेल.

पितृपक्षाच्या दहाव्या का अकराव्या दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला. अक्कांचा मुलगा टेलिफोन बूथवरून बोलत होता. "काका, आई सकाळपासून बोलत नाही. डॉक्टर येऊन गेले. मावशीला घेऊन या. लगेच."

मी घरी पोचलो तेव्हा ही दारात उभी होती. शेजारच्या घरी फोन आला होता, तिला कळलं होतं. मी म्हटलं, "थांब, टॅक्सी बघतो." "आता टॅक्सी?" एवढंच म्हणाली. चालत गाडीपाशी गेली, पाठ केली, पदराचा बोळा तोंडात धरला आणि बसली. एक आवाज काढला नाही. पाय मी उचलून आत ठेवले. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती समोर बघत होती.

पुढचं सांगायचं तर, रेल्वेचं फाटक बंद होतं. एक मालगाडी गेली, मग आणखी एक. रस्त्यातल्या एकेका खड्ड्याला ही पदर चावत होती. मी "आलं, आलं," म्हणत होतो. ती एकदाही "किती वेळ" म्हणाली नाही.

अक्कांच्या दारात गाडी थांबवली आणि मी दार उघडलं. हिला उठता येईना. कंबर धरली होती, पाय हलत नव्हते. मी काखेत हात घातले, हिने दात आवळले, वर येईना. "ओढा!" ही म्हणाली. "दुखू दे, ओढा!" मी ओढली तर किंकाळी फुटली आणि मी घाबरून सोडली. अक्कांचा मुलगा धावत आला. समोरच्या घरातले एक अण्णा आले. तिघांनी मिळून, कोणी खांदे, कोणी गुडघे, असं करत तिला बाहेर काढली. पाच मिनिटं लागली असतील, सात लागली असतील. एवढ्या वेळात ही एकच गोष्ट ओरडत होती, "अक्का, मी आलेय गं! मी बाहेर आहे गं!"

आत नेली तेव्हा सून खाटेशी बसली होती, हातात पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान. आमच्याकडे बघून रडायला लागली. "गाडीचा आवाज आला तशी मान वळवली होती त्यांनी," ती म्हणाली. "दाराकडे बघत होत्या. मी म्हटलं, आली हां मावशी, आली." हिने अक्कांचा हात हातात घेतला. तो गरम होता अजून.

त्यानंतर ही दहा दिवस अंथरुणावर होती. पहिल्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. ठेवणीतली साडी, तीनदा विचारायचं ते, उस्तादशी झालेलं बोलणं, दसरा. सांगताना मी रडलो. ही छताकडे बघत ऐकत होती. मी मारलं असतं तिच्या जागी. शिव्या तरी घातल्या असत्या. तिने फक्त विचारलं, "दसऱ्याला आणणार होतात?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी मी उस्तादकडे गेलो. पितृपक्ष अजून संपायचा होता. त्याने काही विचारलं नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि बेडकीची घेतली. तिला आत ढकलताना मी बघत उभा राहिलो. वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. असल्या वेळीही मला त्या लोखंडासाठी वाईट वाटलं, याचा मला जितका राग आला तितका आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही. पांढरी गाडी मी घरी आणून लावली. कुंकू नाही, नारळ नाही. हिने खिडकीतून बघितलं की नाही ते मला ठाऊक नाही.

अक्कांच्या तेराव्याला नवरात्र चालू होतं. ही पट्टा बांधून, वर राहणाऱ्या पुण्याच्या मुलीचा हात धरून हळूहळू खाली आली. पांढरी साडी नेसली होती. मी गाडीचं मागचं दार उघडून हात पुढे करून उभा राहिलो होतो, काखेत धरायला लागेल म्हणून बाह्या दुमडून. तिने माझ्या हाताकडे बघितलंच नाही. दाराची कड धरली आणि बसली. नुसती बसली, जेवणाच्या टेबलाशी बसतात तशी. मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुठे थांबली नाही, कुठे कळ आली नाही.

मी दार लावून पुढे येऊन बसलो. आरशात बघितलं. ती आपल्या पायांकडे बघत होती. सीटवरून एकदा हात फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

"एवढं सोपं होतं?"

मी हो म्हणालो.